परत येण्याचा कौल

भोंगा वाजला तेव्हा नानांचा उजवा गाल होऊन गेला होता आणि डाव्यावर अजून फेस होता. ब्लेड बदलायला साहिलने वस्तरा नुकताच बाजूला घेतला होता, हे दोघांचंही नशीब. कारण त्यानंतर नानांना भान आलं ते थेट रस्त्याच्या मधोमध. गळ्याभोवती सलूनचा पांढरा कपडा, पायात एकच चप्पल, आणि दोन्ही हात छातीपाशी काहीतरी चाचपत असलेले. समोर एक टेम्पो करकचून ब्रेक लावून थांबला होता. टेम्पोवाल्याने शिवी ओठांपर्यंत आणली, म्हाताऱ्याचे पांढरे केस बघून ती गिळली आणि नुसताच कपाळाला हात लावला. साहिल मागून धावत आला. ‘नाना, ओ नाना! मॉक ड्रिल हाय. एमायडीसीतला भोंगा हाय तो. कायच झालेलं नाय. चला, आत चला.’ नानांनी हात खाली घेतले. हात कशाला चाचपत होते ते त्यांना एव्हाना कळलं होतं. पॅराशूटचे पट्टे. ते पट्टे अंगावरून उतरून कित्येक वर्षं झाली होती, पण हातांना ते कोणी कळवलंच नव्हतं.

साहिलने त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, चहा सांगितला आणि उरलेला गाल इतक्या हळू करायला घेतला की जणू नानांना आत्ताच दवाखान्यातून सोडलंय. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट तिखटमीठ लावून अख्ख्या पेठेत फिरणार हे उघड होतं. फिरू दे. महाडात दत्ताराम कळंबे, निवृत्त विंग कमांडर, म्हणजे सगळ्यांचे नाना, एकाहत्तरच्या लढाईतले लढाऊ वैमानिक, पदकवाले. असल्या माणसाचं थोडं हसं झालं तर गावाची करमणूक होते आणि त्याचं काही जात नाही. त्यांना खटकत होतं ते वेगळंच. खुर्चीपासून रस्त्यापर्यंतच्या त्या धावेत, जिना चढताना रोज नावं ठेवणारे गुडघे गप्प होते. छाती धडधडत होती. तोंडाला ती जुनी, पितळी भांड्यासारखी चव आली होती. रस्ता, टेम्पोचा हिरवा रंग, समोरच्या दुकानात टांगलेल्या बादल्या, सगळं धुऊन काढल्यासारखं स्वच्छ दिसलं होतं. आणि त्यांना आनंद झाला होता. भीती वाटली होती आणि आनंद झाला होता. साहिलने ‘कायच झालेलं नाय’ म्हटल्याबरोबर दोन्ही गोष्टी निघून गेल्या आणि मागे राहिला दाढीच्या साबणाचा वास. आरशातल्या म्हाताऱ्याकडे बघून नानांना इतका शीण आला की चहा तसाच ठेवून ते उठले.

घरी जाताना त्यांनी मुद्दाम नदीकाठचा लांबचा रस्ता धरला. घरी गेलं की सून, प्रियदर्शिनी, दिसणार, आणि ती दिसली की ते काम आठवणार. त्यांची नात श्रुतिका, मुलाची, मुरारीची, एकुलती एक, हवाई दलात विमान चालवायला निवडली गेली होती. पुढच्या महिन्यात हैदराबादजवळच्या अकादमीत हजर व्हायचं होतं. पेढे वाटून झाले होते, शेजाऱ्यांनी फोटो काढून झाले होते. आणि त्या दिवशी जेवताना पोरीने सहज म्हणून टाकलं होतं, ‘नाना नको म्हणाले तर मी नाही जाणार. बाकी कोणाचं ऐकायची नाही.’ नाना नको म्हणणारच नाहीत याची तिला एवढी खात्री होती की बोलता बोलता तिने आमटी वाढून घेतली. पण तिच्या आईने ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. प्रियदर्शिनी जवळच्या नाते गावातल्या शाळेत शिकवते, शहाणी आहे, उगाच रडणारी बाई नव्हे. दुसऱ्या दिवशी ती नानांच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘नाना, तुम्ही एकदाच नको म्हणा. कारण सांगू नका. ती विचारणारही नाही.’ बोलता बोलता तिचा आवाज फुटला आणि तिला स्वतःचाच राग आला. नाना म्हणाले, ‘बघतो.’ ते रोज बघत होते. शेवटी तिने ठरवलं, तुम्हाला जमत नसेल तर आपण देवीलाच विचारू. रविवारी वाडीला जायचं, वाघजाईला कौल लावायचा. घरातल्या थोरल्याने प्रश्न घालायचा असतो, तेवढा तुम्ही घाला. आपल्या तोंडाने नको म्हणणं टळलं, हे बघून नाना हो म्हणाले. त्या होकाराची त्यांना लगेच लाजही वाटली.

कारण नको म्हणायचं तर कशासाठी, हे त्यांना नीट माहीत होतं आणि ते सांगण्याजोगं नव्हतं. मरशील, असं म्हणावं तर ते स्वतः मेले नव्हते. माणसं मारावी लागतील आणि ते छळेल म्हणावं तर तेही खोटं पडलं असतं. पूल पाडायला सांगितला होता, पाडला. पुलाच्या अलीकडे एक शेतकरी पाटाच्या पाण्यात उभा राहून कपाळावर हात धरून वर बघत होता, तो दिसला होता, पुढे अधूनमधून दिसतही राहिला, पण त्याने झोप उडाली असं कधी झालं नाही. लोकांना वाटतं, युद्धावरून आलेल्या माणसाला असलं काहीतरी छळत असतं. भाषणाला बोलावणारे तेवढ्यासाठी आवाज हळू करून विचारायचे. नाना मान खाली घालायचे आणि लोक समजायचे की जखम खोल आहे. खरी गोष्ट अशी होती की डिसेंबरातले ते थोडे दिवस त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. तेवीस वर्षांचा दत्ताराम, पोलादपूरच्या वरच्या वाडीतला, सुभेदाराचा पोर, साताऱ्याच्या सैनिकी शाळेने उचलून खडकवासल्याला धाडलेला. हंटर विमानात पट्टे आवळून बसायचं आणि हुकमाची वाट बघायची. पहाटेची थंडी एवढी की मगातला चहा ओठाला लागेपर्यंत निवायचा. मग भोंगा. मग धावपट्टी पोटाखालून सरकायची आणि झाडांच्या शेंड्यांना घासत, आपली सावली शेतांवरून पळताना बघत जायचं. भीती असायची, पोटात दगड ठेवल्यासारखी, आणि त्या भीतीमुळेच प्रत्येक वस्तूला धार असायची. कालव्याचं पाणी चमकायचं ते अजून डोळ्यात आहे. परत उतरलं की भूक लागायची, अशी भूक की लंगरातली करपलेली डाळ आणि गार चपाती खाऊन डोळ्यांत पाणी यावं. कुरियन परत आला नाही त्या दिवशी दुपारी खीर होती. कुरियन म्हणजे त्यांच्या जोडीचा पुढचा वैमानिक, त्यांच्याहून थोडा मोठा, त्यांना मोटारसायकल शिकवणारा. त्याच्या वाटणीची खीर वाढप्याने गोंधळून ताटात ठेवली होती. दत्तारामने ती खाल्ली. रडत खाल्ली, पण खाल्ली, आणि तिच्यातली वेलची त्याला लागली. तशी गोड खीर पुन्हा कधी खाल्ली नाही, हे त्यांनी बायकोला, तुळसालासुद्धा सांगितलं नव्हतं. आणि आता ते बावीस वर्षांच्या पोरीला काय सांगणार होते? की बाई, तुला ते आवडेल, फार आवडेल, आणि मग ते संपेल, आणि त्यापुढे पन्नास वर्षं जगायचं असेल?

लढाई संपून दत्ताराम परत आला तेव्हा अख्खी वाडी वेशीवर होती. खालूबाजा वाजत होता, पोरं त्याच्या बुटांना हात लावून बघत होती. आईने उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून लांब फेकला, पायांवर पाणी घातलं आणि त्याला तसाच देवळात नेला, नवस फेडायला. घरी आल्यावर नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकट पुढ्यात ठेवली. तो जेवत होता आणि ती तोंडाकडे बघत बसली होती. चव लागेना. तिखट कळत होतं, आंबट कळत होतं, पण चव म्हणतात ती लागेना. आईने विचारलं, ‘मीठ कमी झालं काय रे?’ तो म्हणाला, ‘नाय गो. बरं हाय.’ मग लग्न झालं तेव्हा बरं हाय. मुरारी झाला तेव्हा बरं हाय. बढती चुकली, टेबलाचं काम आलं, नोकरी संपली, महाडात घर बांधलं, बरं हाय. मघाशी शीण आला म्हटलं तो हा होता. कामाचा शीण झोपेने जातो, हा झोपूनच वाढायचा. आई थकली, डोळे गेले, तेव्हा एकदा तिने हसत हसत सांगितलं की तू विमानात जाणार म्हणून पत्र आलं त्या दिवशी मी देवीला कौल लावला होता. ‘पोराला धाडू काय, असं इचारलं. डावी दिलान. म्हंजे नको. मंग मी गुरवाला म्हटलं, थांब, येगळं इचार. धाडला तर जित्ता परत येल काय? तर उजवी दिलान. म्हंजे येल. मंग धाडला तुला.’ तिने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. ‘शब्द पाळलान हो देवीनं.’ नानांनी ‘व्हय गो’ म्हटलं. देवीने शब्द पाळला होताच. जेवढं विचारलं तेवढं दिलं होतं. आईच्या हातून राहून गेलं ते एवढंच, की कसा येईल हे विचारायला हवं होतं, आणि कोणती आई असलं विचारते?

तुळसाला ते कळलं होतं, असं त्यांना आता वाटतं. ती भांडखोर नव्हती. एकदा वालाला मोड आलेले, ती सोलत बसली होती आणि नाना पेपर वाचत होते, तर मान वर न करता म्हणाली, ‘तुम्ही एखाद वेळेला माझ्या अंगावर वरडला असतात तरी बरं वाटलं असतं मला.’ नाना म्हणाले, ‘कशाबद्दल?’ ती म्हणाली, ‘तेच तर.’ आणि पुढचा वाल सोलायला घेतला. ती गेली तेव्हा त्यांनी सगळं व्यवस्थित केलं. लोक म्हणाले, फौजी माणूस, घट्ट आहे. महाडला तो मोठा पूर आला, सावित्री नदी पहिल्या मजल्याच्या पायऱ्या चढून वर आली, शेजारची माणसं देवांची नावं घेत एकमेकांना धरून बसली, तेव्हाही नाना वरच्या खोलीत खुर्चीवर बसून पाण्यातून वाहत जाणारी सिलिंडरं बघत होते. त्यांना सगळ्यांनी वाघ ठरवलं. नाना वाट बघत होते की आता तरी भीती वाटेल. पाणी ज्या पायरीवर थांबलं तिथे थांबलं, मग उतरलं, आणि मग महिनाभर चिखल उपसायचं काम होतं. वाघ वगैरे काही नव्हतं. ज्याला गमावायचं काही राहिलेलं नाही त्याला भीती कुठून वाटणार? आणि आज एका कंपनीच्या भोंग्याने ती येऊन चेहरा दाखवून गेली, हे जास्त वाईट. अंगात ती अजून आहे म्हणायची. मग इतकी वर्षं होती कुठे?

रविवारी मुरारीने गाडी काढली. महाड सोडून हायवेला लागल्यावर त्याने दोनदा भोंग्याची चेष्टा करून बघितली, बापाने दाद दिली नाही, तेव्हा तो कशेडीकडे निघालेल्या ट्रकांना शिव्या देण्यात रमला. प्रियदर्शिनी पुढे बसली होती, मांडीवर नारळ, फुलांची पुडी आणि उदबत्त्या. मागे नानांच्या शेजारी श्रुतिका. कानात ते पांढरं काहीतरी घातलेलं, पाय हलत असलेले. पोलादपुरात वडापाव घेतला आणि गाडी आंबेनळीच्या रस्त्याला वळली, तेव्हा तिने कानातलं काढलं. ‘नाना, लो लेव्हलला जाताना खालचं खरंच दिसतं का हो? की नुसतं सरकतं?’ नाना म्हणाले, ‘दिसतं.’ ‘काय काय?’ नानांनी खिडकीबाहेर बघितलं. वळणावर एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन कडेला सरकून उभी होती. ‘सगळं,’ ते म्हणाले. ‘इथे दिसतं त्यापेक्षा नीट.’ बोलून गेल्यावर त्यांना वाटलं, हे आपण काय बोललो. पोरीचे डोळे चमकले होते. पुढच्या सीटवर प्रियदर्शिनीची मान ताठ झाली. मुरारी म्हणाला, ‘वडापाव गार होतील, खा.’ आणि सगळ्यांनी खाल्ले.

देऊळ आता सिमेंटचं झालंय, मुंबईतल्या मंडळींनी वर्गणी काढून फरशी घातलीय, आत मात्र वाघजाई आहे तशीच आहे, शेंदूर लावलेला एक उभा दगड आणि त्याला चांदीचे डोळे. चांगू गुरव वाट बघत होता. नानांच्याच वयाचा, लहानपणी दोघांनी एकत्र गुरं राखलेली. आईने कौल लावला तो चांगूच्या बापाकडून. ‘आलास काय दत्ता? बैस. गुडघं कसं हायत?’ ‘हायत,’ नाना म्हणाले. चांगूने देवीला आंघोळ घातली, दोन ओल्या कळ्या घेऊन दगडाच्या दोन अंगांना चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, हे श्रुतिकालाही ठाऊक होतं. ती हात जोडून उभी होती, थोडी गंमत, थोडी भक्ती. तिचं ठरलेलं होतं की देवी तिच्या बाजूची आहे. चांगूने गाऱ्हाणं घातलं, कुळाची नावं घेतली, गावाची नावं घेतली आणि मग वळून म्हणाला, ‘काय इचारू, दत्ता?’

प्रियदर्शिनी नानांच्या कानाशी आली. अगदी हळू म्हणाली, ‘नाना, एवढंच विचारा. सुखरूप परत येईल ना म्हणून. देवी हो म्हणाली तर मी नाही अडवणार तिला. खरंच नाही.’

पन्नास वर्षांनी, त्याच दगडापुढे, तोच प्रश्न, दुसऱ्या एका आईचा. नानांना तिची फार दया आली. आणि राग आला. कोणावर ते कळेना. ते पुढे झाले आणि म्हणाले, ‘चांगू, असं विचार. पोरगी परत आली तर पुरी परत येईल काय?’

चांगू थांबला. ‘म्हंजे?’

‘म्हणजे पुरी.’

‘दत्ता, असा कौल नाय लागत रे. देवीला समजंल असं इचार. जित्ती येल काय? हातपाय धड येतील काय? पुरी म्हंजे काय इचारू मी तिला?’

मुरारी म्हणाला, ‘नाना, उन्हाने त्रास होतोय का? बसा जरा.’ प्रियदर्शिनीच्या हातातल्या उदबत्तीची राख तिच्या मनगटावर पडली आणि ती तिने झटकलीही नाही. आणि श्रुतिकाने जोडलेले हात सोडले. ती सरळ नानांकडे बघत होती, चेहऱ्यावरची गंमत पुसून गेलेली.

‘नाना,’ ती म्हणाली, ‘तुम्ही पुरे नाही आलात का?’

इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. आईने मिठाबद्दल विचारलं. तुळसाने विचारता विचारता सोडून दिलं. भाषणाला बोलावणाऱ्यांनी भलतंच विचारलं. नानांना ‘बरं हाय’ हे शब्द जिभेवर आलेले जाणवले, ओळखीची जागा सापडल्यासारखे. ते त्यांनी तिथेच धरले. ‘नाही,’ ते म्हणाले. ‘नाही आलो.’

मग ते बोलले. देवळाच्या फरशीवर बसून, पाठ भिंतीला टेकून, कोणाकडे न बघता. फार वेळ नाही. चव सांगितली, कालव्याचं पाणी सांगितलं, कुरियनची खीर सांगितली. ते दिवस चांगले होते हे सांगितलं, आणि हे सांगताना त्यांना पहिल्यांदा लाज वाटली नाही. ‘मरण्याची गोष्ट नाही करत मी,’ ते म्हणाले. ‘तुला ते आवडेल. ते आवडलं की बाकीचं आवडेनासं होतं. आणि बाकीचंच फार असतं, बाळा. माणसं असतात त्यात. तुझी आजी होती. हा मुरारी होता, रांगत होता, आणि मी बघत होतो, आणि मला काही वाटत नव्हतं.’ मुरारीने खांबाकडे तोंड फिरवलं. तो पन्नाशीला टेकलेला माणूस, पण त्याचे खांदे लहान पोरासारखे उडत होते. त्याला आपण उशिरा का होईना काही दिलं की घेतलं, हे नानांना कळेना. प्रियदर्शिनी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. दगडावरची एक कळी कधीतरी खाली पडली होती. कुठली, ते चांगूने बघितलं, आणि कोणी विचारलं नाही म्हणून त्याने ती उचलून तबकात टाकली.

श्रुतिका त्यांच्या समोर मांडी घालून बसली. ती फरशीवर बोटाने काहीतरी गिरवू लागली.

‘नको म्हणताय का मला?’

‘नाही,’ नाना म्हणाले. ‘तेवढं मला होत नाही.’

‘मग मी जाईन.’ आईकडे तिने बघितलं नाही. ‘पण नाना, मी अशी परत आले, बरं आहे म्हणायला लागले, तर ह्यांना दोघांना नाही कळायचं. ह्यांना वाटेल मी दमलेय.’ तिने नाक पुसलं, एकदम लहान झाली. ‘तुम्हाला कळेल. मग तुम्ही मला सोडू नका. अंगावर ओरडा, काहीही करा. तोवर थांबाल ना?’

नानांनी मनाशी हिशेब करून बघितला. ट्रेनिंग, मग पोस्टिंग, मग देव न करो पण जे काही व्हायचं ते, आणि त्यानंतर तिचं परत येणं. हे गुडघे, हे हृदय, ती रोजची गोळी. गेली कित्येक वर्षं ते संपण्याची वाट बघत होते, अगदी निवांतपणे, एसटीच्या थांब्यावर बसावं तसे. आणि तिथे, चांगूच्या देवळात, दुपारच्या उजेडात, त्यांच्या पोटात तो थंड दगड येऊन बसला. आपण मध्येच गेलो तर?

‘थांबतो,’ ते म्हणाले. आवाज कापला. ‘थांबायला लागेलच गो आता.’